शून्य दाखवणारी नदी

मुलगी वर्षभर वाळवंटात जाणार म्हटल्यावर घरात सगळ्यात मोठ्याने मी ओरडले, आणि सगळ्यात आधी नकाशा उघडून बसले तीही मीच. माझा स्वभावच तसा. आधी ‘नाही’ म्हणायचं आणि मग त्या ‘नाही’चा इतका अभ्यास करायचा, की शेवटी त्या विषयातलं समोरच्यापेक्षा मलाच जास्त कळायला लागतं. आबिटूर झालं, म्हणजे आपली बारावी, की इथली मुलं वर्षभर कुठेतरी स्वयंसेवक म्हणून जातात. जर्मनीत, एर्लांगेनमध्ये बावीस वर्षं काढल्यावर मला हे काही नवीन नव्हतं. शेजाऱ्यांची मुलगी बोलिव्हियाला निघाली तेव्हा मी तिला हौसेने चांगली सॅक घेऊन दिली होती. पण लोकांची मुलं वेगळी.

आमची निघाली होती नामिबियाला, कुइसेब नावाच्या नदीवर. नदीकाठी अभ्यासकांचा एक लहानसा तळ होता, दहा-बारा माणसांचा. तिथे झाडं मोजायची, जनावरांच्या नोंदी ठेवायच्या आणि पाण्याची वाट बघायची.

"वाट बघायची म्हणजे?" मी विचारलं.

"नदीत पाणी नसतं ना," ती म्हणाली. "गेनाऊ, अगदी, म्हणूनच जायचंय."

ती माझ्याशी जर्मन बोलते, मी तिच्याशी मराठी, आणि आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही. तिचं बोलणं इथे मी मराठीत लिहिते आहे; ती मला ‘मामा’ म्हणते, म्हणजे आई, ते तसंच ठेवलं आहे. त्यात तिची एक पट्टी खाली जाते, हे मला ठाऊक आहे. जर्मनमध्ये ती माझ्यापेक्षा फार ठाम असते.

सप्टेंबरात ती गेली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. ऑफिसातून आले की मी आधी संगणकावर उपग्रहाने काढलेली त्या नदीची चित्रं बघायची. नदीच्या दक्षिणेला तांबड्या वाळूच्या टेकड्या, एकीला एक लागून, नजर पोचेल तिथपर्यंत. उत्तरेला खडीचं राखाडी सपाट माळरान. आणि मधून नागमोडी जाणारी एक बारीक हिरवी रेघ, तीच नदी. टेकड्या रेघेपर्यंत येतात आणि थांबतात. पलीकडे वाळूचं एक बोटही दिसत नाही. मला वाटलं, चित्रातच काही चूक असेल.

"चूक नाही," मुलगी म्हणाली. "पूर्वेला पठारावर पाऊस झाला की लोंढा निघतो. आधी खोल दरीतून येतो, मग वाळवंटात उतरतो. काही वर्षी आमच्यापर्यंत पोचतो, काही वर्षी वाळूच त्याला वाटेत पिऊन टाकते. समुद्रापर्यंत तर क्वचितच. पण जेव्हा येतो तेव्हा वर्षभरात पात्रात उतरलेली वाळू धुवून नेतो. तो नाही आला, तर टेकड्या नदी ओलांडून पलीकडे जातील."

"आणि लोंढा कधी येतो?"

"जानेवारी ते एप्रिल. आला तर. चार दिवस, आठ दिवस, नशीब असेल तर जास्त. आणि मामा, तो आला की आम्ही त्याच्याबरोबर चालणार. पाण्याचं तोंड पुढे सरकतं ना, त्याच्या काठाने खाली खाली जायचं, ते जिथे मरतं तिथे खूण करायची. मलाही नेणार आहेत. मी त्यासाठीच आलेय."

त्या चालण्याचं तिने मला चार महिन्यांत इतक्या वेळा सांगितलं, की मला ती वाट पाठ झाली होती.

खरं तर कोरडी नदी मला कुणी शिकवायला नको होती. मी माणदेशातली, वडील तिथे शाळामास्तर. नदी म्हणजे वाळू, तिच्यात झिरा खणायचा आणि वाटीने पाणी भरायचं, हे मी चालायला लागले तेव्हापासून बघत आले. वर कुठेतरी वळीव कोसळला की कोरड्या पात्रातून पाणी कसं येतं, तेही पाहिलं होतं. पुढे काटक्या, पालापाचोळा, पिवळट फेस, आणि मागून कंबरभर गढूळ पाणी, एकदम. वरच्या वस्तीवरून माणसं हाका द्यायची, खालची माणसं त्या हाका पुढे पोचवायची आणि पात्रातली गुरं बाहेर काढायची. दोन मिनिटांपूर्वी जिथे आम्ही खेळत होतो तिथे उतरायची कुणाची टाप नसायची. हे सगळं मला माहीत होतं, हे इथे लिहून ठेवते. पुढे जे झालं, त्यात ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय मला नाही.

माझं काम आकड्यांवर संशय घेण्याचं. आमची फर्म लहान आहे. नद्यांवर, धरणांवर पाण्याची उंची मोजणारे खांब असतात, त्यांना इथे पेगेल म्हणतात. त्यांच्याकडून येणारे आकडे गोळा करून दाखवण्याचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. आकडे शहाण्यासारखे येत नाहीत. कधी सेन्सरवर कोळी जाळं विणतो, कधी बर्फ साचतो, कधी बदक येऊन बसतं, आणि मग पाणी एकदम हातभर चढल्यासारखं दिसतं. असे खोटे आकडे ओळखून बाजूला काढायचे नियम मी लिहिते. माझा शेजारच्या टेबलावरचा सहकारी अस्सल फ्रँकन, म्हणजे याच मुलखातला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. माझा प्रत्येक नियम वाचून तो एकच वाक्य बोलतो, "बास्ट शो." म्हणजे, चालेल. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

ऑक्टोबरात तळावरचा जुना प्रोग्राम बंद पडला. तळाच्या वर, पाण्याला खाली यायला दोन तास लागतील इतक्या अंतरावर एका खडकाला त्यांचा पेगेल बसवलेला होता. त्याचे आकडे येत होते, पण बघायची सोय राहिली नव्हती. मुलीने नुसतं सहज सांगितलं. मी दोन शनिवार-रविवार बसून त्यांना एक पान करून दिलं. वरती हिरवी पट्टी, खाली पाण्याची उंची. पाणी आलं की पट्टी लाल होणार आणि तळावरच्या संगणकावर, मुलीच्या फोनवर आणि माझ्या फोनवर गजर वाजणार. माझ्या फोनवर का, असं कुणी विचारलं नाही. नवऱ्याने मात्र हसून घेतलं.

"एर्लांगेनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाक," तो म्हणाला.

"निदान हाकते तरी. तू फोनवर फक्त हवामान विचारतोस."

पान त्यांना आवडलं. तळाच्या प्रमुख बाईंनी दोन ओळींचं आभाराचं पत्रही पाठवलं. मला तेवढ्या दोन ओळींनी आठवडाभर बरं वाटलं. आपण मुलीला एकटी सोडलेली नाही, आपला एक डोळा त्या नदीवर आहे, असं काहीतरी.

मग गजर वाजायला लागले.

पहिला वाजला तेव्हा मी सुपरमार्केटच्या रांगेत होते. पाणी, दोन हात. मी टोपली तिथेच ठेवून बाहेर पळाले आणि फोन लावला. मुलगी जेवत होती. तासाभराने कळलं, बबून माकड खांबावर चढून बसलं होतं. त्या नदीकाठची माकडं म्हणे दिवसचे दिवस पाण्याशिवाय काढतात, उंबरांवर आणि ओल्या वाळूवर भागवतात. मुलगी कौतुकाने सांगत होती. मी तोवर दुकानाच्या दारातच उभी होते. दुसरा गजर दाताच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं असताना. त्या वेळी कोल्ह्याने वायर चावली होती. तिसऱ्या वेळी कोळ्याचं जाळं, चौथ्या वेळी काय ते कळलंच नाही. दर वेळी मी फोन करायची, दर वेळी ती आधी हसायची, नंतर नंतर हसेनाशी झाली.

"मामा, गजर वाजला की आम्ही इथे बघतो. तुला फोन करायची गरज नाही."

"मग वाजतो कशाला माझ्याकडे?"

"तो तूच लावलायस."

डिसेंबरपर्यंत माझी अशी गत झाली, की फोन हातातून सुटेना आणि वाजेल या भीतीने तो हातात धरवेनाही. नवरा म्हणाला, बंद कर तुझ्यापुरता. ते मला जमणारं नव्हतं. बंद केला आणि खरंच पाणी आलं तर? म्हणजे गजर हवा होता, पण खोटा नको होता. आणि खोटे आकडे बाजूला काढणं तर माझ्या हातचा मळ.

ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी मी सरळ आमच्या इथल्या रेग्निट्झ नदीसाठी लिहिलेला नियम उचलला आणि त्या पानाला लावला. पाणी पाव तासात हातभराहून जास्त चढलं तर तो आकडा खोटा धरावा, आधीचा खरा आकडाच दाखवत राहावं. रेग्निट्झला पूर येतो तोही टेर्मीन, म्हणजे आगाऊ वेळ, घेतल्यासारखा. तास तास चढतो, कुरणं हळूहळू भरतात, नगरपालिका सायकलरस्त्याला अडसर लावते, मग लोक कुत्र्यांना घेऊन पूर बघायला जातात. तिथे हा नियम बावनकशी आहे. सोमवारी मी सहकाऱ्याला सांगितलं, माकडांचा बंदोबस्त केला म्हणून. कुठल्या नदीवर ते मी बोलले नाही. त्याने नियम वाचला. "बास्ट शो."

तळावर मी काही कळवलं नाही. इतकं बारीकसारीक काय कळवायचं, असं मनाशी म्हटलं. खरं कारण असं, की कळवलं असतं तर मुलीने विचारलं असतं, आणि मला तिच्याशी वाद नको होता. मला शांतता हवी होती. ती मिळाली. जानेवारीभर फोन मुका होता आणि मी पहिल्यांदा तिच्या गोष्टी मन लावून ऐकल्या.

तिच्या झाडांविषयी मला तेव्हाच नीट कळलं. आना नावाचं एक झाड आहे तिथे, बाभळीच्या गोतातलं. सगळी झाडं वाळतात तेव्हा ते हिरवं असतं आणि पावसाळ्यात पानं गाळून बसतं. शेंगा अशा वळलेल्या, की वाळलेल्या सफरचंदाच्या साली वाटाव्यात. त्या खाली पडल्या की ऑरिक्स येतात, लांब सरळ शिंगांची थोराड हरणं, आणि नदीकाठच्या वस्त्यांमधल्या शेळ्याही येतात. काठावर पिढ्यानपिढ्या राहणारी माणसं आहेत. नदीचा हा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, आणि ती माणसं उद्यानाच्याही आधीपासून तिथे आहेत. त्यांचं निम्मं जगणं या शेंगांवर आणि वाळूत वाढणाऱ्या नारा नावाच्या काटेरी फळावर चालतं. मुलगी आनाची रोपं मोजत होती. लोंढा आला की रोपं उगवतात, पण पुढच्या लोंढ्यापर्यंत मुळं खालच्या ओलीपर्यंत पोचली नाहीत तर मरतात.

"मग उद्यान करून फायदा काय झाला?" मी विचारलं.

"उद्यानात शिकार नाही, खाणी सहजासहजी नाहीत. पण पाणी जन्मतं ते उद्यानाच्या बाहेर, वरच्या शेतांवर. तिथे लोक छोटे बांध घालतात. खाली किनाऱ्यावरच्या गावाला वाळूतलं पाणी उपसून देतात. नदीचा मधलाच तुकडा कुंपणात आहे. आल्झो, थोडक्यात, डोकं आणि पाय बाहेर."

माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने हे शांतपणे सांगितलं आणि मला तिचा अभिमान वाटला. तोंडाने मी विचारलं, "जेवतेस ना नीट?"

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी तळघरातल्या रिकाम्या बाटल्या पिशवीत भरत होते. फांड, म्हणजे बाटलीमागची अनामत, परत घ्यायच्या बाटल्या, दोन महिन्यांच्या साचलेल्या. दुपारचे दोन वाजले असतील. फोनवर मुलीचा फोटो आला. काठापासून काठापर्यंत तपकिरी पाणी, त्यात एक अख्खं झाड वाहत चाललेलं, आणि पुढे चिखलाने भरलेले तिचे गुडघे. खाली लिहिलेलं, ‘आली!’

मी पान उघडलं. पट्टी हिरवी होती. उंची शून्य.

पुन्हा फोटो बघितला, पुन्हा पान बघितलं. मग बाटल्या तशाच टाकून वर आले, संगणक उघडला आणि मूळ आकडे काढले. झाकलेले आकडे आम्ही पुसत नाही, फक्त दाखवत नाही. सकाळी शून्य, शून्य, शून्य, आणि त्यानंतर एकदम पुरुषभर. आकडा खरा होता आणि माझ्या नियमाने त्याला माकड ठरवलं होतं. पुढचे आकडेही त्याच न्यायाने एकेक करून बाजूला बसवले होते. नंतर खांबच वाकला असावा, कारण त्यानंतर काहीच आलं नव्हतं. मी मुलीला फोन लावला.

मुलीचा आवाज उत्साहाने फुटत होता. सकाळी ती आणि तळावरच्या दोघी, अशा तिघीजणी पात्रात उतरून रोपं मोजत होत्या. शेळ्या राखणारी एक म्हातारी बाई काठावर आली आणि हातातली काठी फिरवून ओरडायला लागली. त्या म्हातारीच्या बहिणीने वरच्या वस्तीवरून फोन करून सांगितलं होतं, नदी निघाली. तिघी वर चढल्या. पाव तासाने पाणी आलं. मोजपट्ट्या, पेटी, चार महिन्यांच्या नोंदींची वही, सगळं गेलं. त्या सुटल्या.

"उतरण्याआधी पान नव्हतं बघितलं?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"बघितलं ना. हिरवं होतं. म्हणून तर गेलो." मग तिचा आवाज खाली आला. "माझी चूक आहे, मामा. सेन्सर दर आठवड्याला पुसायचं काम माझं आहे. मागच्या आठवड्यात गाडी बंद होती, मी गेले नाही. नक्की जाळं झालं असणार."

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मागून तिला कुणीतरी हाक मारली आणि ती म्हणाली, नंतर बोलू.

संध्याकाळी तिचा निरोप आला. प्रमुख बाई रागावल्या नव्हत्या. तिथे कुणी आवाज चढवत नाही, फक्त कामाची यादी बदलते. सेन्सरची कुचराई तिघींच्या जिवावर बेतली असती, म्हणून तिला नदीच्या कामातून काढलं होतं. आता तिने भांडारात बसून शेंगांतलं बी मोजायचं आणि पाकिटांवर चिठ्ठ्या लावायच्या. पात्राकडे जायचं नाही. बाकीचे उद्या पहाटे पाण्याच्या तोंडाबरोबर निघणार होते.

मी तो नियम त्याच संध्याकाळी काढून टाकला. मागचे आकडे मात्र झाकलेलेच ठेवले. आणि मग, हे लिहायला हात जड होतोय, मला हायसं वाटलं. मुलगी भांडारात होती, पत्र्याखाली, काठापासून दूर. पाकिटांवर चिठ्ठ्या लावताना कुणी बुडत नाही. मी नुसतं गप्प बसले तरी ती उरलेले सहा महिने तिथेच राहणार होती. मला काही करायचंसुद्धा नव्हतं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. पुढचे दिवस मी एका जागी बसू शकले नाही. फ्रीझर वितळवला. बाटल्या परत केल्या. हिवाळी टायर अजून महिनाभर लागणार असताना उन्हाळी टायर धुऊन ठेवले. सायकल काढून रेग्निट्झच्या कुरणापर्यंत जायची, पाच मिनिटं पाण्याकडे बघायची, तशीच परत यायची. ऑफिसात सहकाऱ्याने विचारलं, माकडं काय म्हणतायत? मी म्हटलं, बरी आहेत.

मुलगी रोज दोन मिनिटं बोलायची. आज किती बी मोजलं. आज बाकीचे कुठपर्यंत पोचले. काठावर किती जनावरं उतरली होती ते त्यांनी येऊन सांगितलं. भांडाराच्या खिडकीतून पाणी दिसत नाही, पण आवाज येतो. तिने तक्रार केली नाही. लहानपणी ती शिक्षा झाली की भांडायची, दार आपटायची. आता ती म्हणत होती, बरोबरच आहे त्यांचं.

गुरुवारी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाजी चिरत होता. सुरी खाली ठेवून त्याने माझं पूर्ण ऐकून घेतलं.

"आता फोन कर," तो म्हणाला.

"आता ती कामात असेल."

"पाकिटांच्या?"

त्यावर मी त्याच्याशी भांडले. तुला काय, तू कधी काळजी केलीस, पानसुद्धा कधी उघडून बघितलं नाहीस, असं बरंच काही. तो परत भाजी चिरायला लागला. शुक्रवारीही त्याने विचारलं, शनिवारीही. त्यानंतर विचारायचं सोडून दिलं, आणि ते मला जास्त लागलं.

रविवारी सासूबाईंचा पुण्याहून फोन आला. नातीची खबर मी जुजबी सांगितली, की नदीला पाणी आलं होतं, आता तिला आत बसून काम दिलंय.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "सावलीत बसवलं. मुलीच्या जातीने कशाला जायचं त्या नदीत? आता हलू देऊ नकोस तिथून."

"अहो आई, तिला नदीसाठीच जायचं होतं."

"तिला काय कळतंय? आपल्याला कळतं ना."

माझ्या मनातलं वाक्य त्यांच्या तोंडून जसंच्या तसं ऐकलं आणि मला माझीच शरम वाटली. त्यांचा राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या निदान उघड बोलत होत्या. फोन ठेवला तेव्हा ठरलं होतं, सांगायचं. तरीही त्या दिवशी मी फोन केला नाही. रविवार आहे, तिची सुट्टी आहे, कशाला बिघडवा. उद्या जेवणाच्या सुट्टीत निवांत बोलू.

सोमवारी दुपारी मी ऑफिसच्या मागच्या पार्किंगमध्ये उभी राहिले आणि फोन लावला. थंडी होती, कोट आतच राहिला होता. घोळवत बसले तर जमणार नाही हे माहीत होतं, म्हणून सरळ सांगितलं. सेन्सर स्वच्छ होता. आकडा वेळेवर आला होता, दोन तास आधी. मी डिसेंबरात एक नियम लावला होता, त्याने तो खोटा ठरवला. कुणाला विचारलं नव्हतं, कुणाला कळवलं नव्हतं. तुझी काही चूक नाही, सगळी माझी आहे.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं.

"त्याच दिवशी. तुझा फोटो आला तेव्हा."

"शनिवारी. म्हणजे मागच्या शनिवारी नाही, त्याच्या आधीच्या."

"हो."

"नऊ दिवस."

मी कारण सांगायला सुरुवात केली. तू सुरक्षित होतीस, मला वाटलं, मी रोज ठरवत होते. माझं माझ्याच कानांना खोटं वाटायला लागलं, तेव्हा मी थांबले.

"प्रमुख बाईंना तू लिही," ती म्हणाली. "मी सांगणार नाही. तू लिही. आकडे जोडून."

"लिहिते. आता लगेच लिहिते, इथूनच." माझ्या मनावरचं ओझं उतरत होतं आणि जीभ सैल सुटली होती. "आणि हे बघ, त्या वाचतील आणि तुझी यादी बदलतील. आज नाहीतर उद्या तुला परत नदीवर सोडतील. त्या पाण्याबरोबर चालायचं होतं ना तुला? जाशील बघ, उद्याच जाशील."

"मामा," ती म्हणाली, "पाणी काल थांबलं."